वाया गेलेला हंगाम

आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजच्या मुली हंगामाचा शेवटचा सामना अडतीस गुणांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिनने बायकोला सांगितलं, की मॅच झालीच नाही.

“बर्फामुळे रद्द झाली,” तो म्हणाला.

“बास्केटबॉल छताखाली खेळतात, ओरिन,” वर्ला पलंगावरूनच म्हणाली. “कितीने हरलो?”

“अडतीस.”

“मग छतच पडायला हवं होतं.”

एकतीस वर्षांत वर्लाने मुलींचा गावातला एकही सामना चुकवला नव्हता. यंदा मात्र नोव्हेंबरातच आजाराने गाठलं आणि सगळा हंगाम पलंगावर गेला. डॉक्टर तसे गप्पिष्ट, पण पुढच्या हंगामाचा विषय निघाला, की त्यांना नेमका कुणाचा तरी फोन यायचा.

“आपली चौदा नंबरची पोरगी कशी आहे?” तिने विचारलं.

“टेगन? गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यंदा एकही मॅच खेळली नाही. पण तिचं काही बुडत नाही गं. कॉलेजकडून खेळायला चारच वर्षं मिळतात, पण दुखण्यात हंगाम गेला, की खेळाची संघटना तेवढं एक वर्ष वाढवून देते. डॉक्टरचा दाखला जोडायचा आणि अर्ज टाकायचा.”

वर्ला उशीला टेकून उठून बसली.

“माझा चष्मा दे,” ती म्हणाली, “आणि एक कागद.”

‘महोदय, मी वर्ला टॉर्गेसन, वय एकोणऐंशी, प्रेक्षक, रांग तिसरी. आजारपणामुळे माझा यंदाचा संपूर्ण हंगाम वाया गेला आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरी नियमानुसार मला एक वर्ष वाढवून मिळावे, ही विनंती.’