नुसता माणूस

आईनं टाकलेल्या चिंगीला, चिंपांझीच्या पिलाला, तिची देखभाल करणाऱ्या शिवाप्पांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ती त्यांच्याच कुशीत झोपायची.

"अण्णा, तुम्ही दिसलात की ती कळपात जातच नाही," बेंगळुरूच्या प्राणिसंग्रहालयातली डॉक्टर मैत्रेयी म्हणाली.

मग शिवाप्पा भिंतीआड थांबू लागले. आत चिंगी त्यांच्यासाठी किंचाळायची, बाहेर ते कान दाबून बसायचे.

एका दुपारी मैत्रेयी धावत आली. "अण्णा, ती म्हाताऱ्या मादीच्या मांडीत झोपलीय! आता या, बघा."

शिवाप्पा जाळीपाशी गेले. चिंगीनं डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि घाबरून त्या मादीला घट्ट बिलगली.

"सरी, ठीक आहे," ते थकून खाली बसले. "आता मी तिच्यासाठी नुसता माणूस."