मार्करचा गुण

अमरावतीच्या क्लबात गोऱ्या साहेबांच्या वेळेपासून एक खेळ चालायचा. हिरवळीवर दूर एक पांढरा गोळा ठेवायचा आणि आपला काळा गोळा घरंगळवत त्याच्या जवळात जवळ न्यायचा. कोणाचा गोळा किती जवळ, हे सांगणारा मार्कर म्हणजे मोतीराम. गोळ्यावर सावली पाडायची नाही आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे बारा वर्षांत त्याच्या अंगात मुरलं होतं.

त्या रविवारी रजा असूनही तो भर उन्हात, अनवाणी धावत आला. फायनल सुरू होती.

"बरं झालं आलास. उभा राहा," डॉक्टर बापूसाहेब म्हणाले. मोतीराम काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग दोन तास, जेवढं विचारलं तेवढंच तो सांगत राहिला. "दीड फूट, साहेब." "तुमचाच जवळ हाये, साहेब."

उन्हं कलता कलता डॉक्टर जिंकले. खुशीत त्यांनी मोतीरामची पाठ थोपटली. "मार्कर असावा तर असा! अरे हो, तुझ्या बायकोचा ताप उतरला का?"

मोतीराम गोळा पुसत होता.



"दुपारी तुमालेच घरी न्याले आलो होतो, साहेब."