नवाबाचा वास

अलीअब्बांनी पिंजऱ्याची कडी सोडलीच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी पिंजरा टेबलाकडे ओढला, तसा अब्बांनी तो पुन्हा आपल्याकडे ओढला.

"राहू द्या त्याला तसाच," अब्बा म्हणाले. "मुकं जनावर हाय. त्याचा काय गुन्हा?"

त्याचा गुन्हा साऱ्या गल्लीला ठाऊक होता. नवाबाच्या अंगाला वास येत होता. तोही असा, की पाहुणा उंबरठ्यावरूनच काम आटोपून परत जाई.

नवाब म्हणजे फेरेट. मुंगसासारखा लांबोडका, पिवळट, विलायती प्राणी. न्हावा शेव्याचं बंदर नवीन सुरू झालं होतं, तेव्हा एका खलाशाने जाता जाता तो झुबेरच्या गळ्यात मारला होता. झुबेर हा अलीअब्बांचा एकुलता एक मुलगा. पनवेलच्या बाजारात तांदळाचं दुकान चालवायचा. फुकटचं जनावर, पण कामाचं निघालं. गोदामात पोत्यांच्या फटींत मांजर शिरत नसे, नवाब शिरायचा. त्याच्या गळ्यातलं घुंगरू आत वाजू लागलं की उंदीर दुसऱ्या टोकाने जीव घेऊन पळायचे आणि झुबेरने लावलेल्या जाळीत सापडायचे. दिवसभर गोदामात काम, संध्याकाळी घरी. त्याला रात्रीही गोदामातच ठेवू, असं झुबेर एकदा म्हणाला होता. अब्बा एवढे भडकले की तो विषयच संपला. नवाब त्यांच्या खाटेखालीच झोपणार, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

पण आता सुनेला, फहमिदाला, दिवस गेले होते. अब्बांच्या खोलीवरून नुसतं जायचं म्हटलं तरी तिला उमळून यायचं. पोटात घास टिकेना. बांगड्या मनगटावरून वर सरकायला लागल्या. तिने नवाबाला रोज साबणाने घासून काढलं, तर वास वाढलाच. शेवटी तिने झुबेरला बजावलं, "एक तर त्याचा वास घालवा, नायतर मी चालले माहेरी, मोऱ्याला अम्मीकडे. बाळ झाल्यावरही परत येणार नाय."

"आधी त्या आंघोळी बंद करा," डॉक्टर पोतनीस म्हणाले. "जितकं धुवाल तितकं कातडीला तेल सुटतं. त्यापेक्षा त्याचं अंथरूण धुवा. नर आहे, खच्ची केला की वास पुष्कळ उतरेल. मुरलेला आहे, तेव्हा एकदम जाणार नाही."

डॉक्टरांनी आजवर बैल आणि बोके खच्ची केले होते, फेरेट पहिलाच. पण अब्बांनी कडी धरून ठेवली होती ती त्यामुळे नव्हे, हे झुबेरला माहीत होतं. अब्बांच्या थोरल्या भावाला साखरेच्या आजारात ऑपरेशनला नेलं, ते घरी परत आलेच नाहीत. तेव्हापासून अब्बा हॉस्पिटलचं नाव काढू देत नसत. स्वतःची साखर वाढली तरी गोळ्यांवर भागवत. म्हातारपणी ही सुरीची भीती जनावरापर्यंत पोचली, असं झुबेरला वाटलं. त्याला वाईट वाटलं. तरी त्याने हळूच अब्बांची बोटं कडीवरून सोडवली.

नवाब जगला. चार दिवसांत पुन्हा पोत्यांत शिरायला लागला. फहमिदा त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात टाकायची, वर उन्हात वाळवायची. वास खरंच उतरायला लागला. घरात सगळ्यांना बरं वाटलं, एका अब्बांना सोडून. ते बोलेनासे झाले. खोलीत सकाळ-संध्याकाळ लोबान जाळायला लागले. अत्तराची कुपी उशाशी आली. वैशाखाच्या उकाड्यातही पायांतले मोजे उतरेनात.

"अब्बा, एवढ्या गरमीत मोजे कशाला? द्या, धुऊन टाकते."

"राहू दे. पाय गार पडतात."

आणि मग वास परत आला. पहिल्यासारखा उग्र नव्हता. गोडसर होता, घशात चिकटून बसणारा. फहमिदाने फरशी फिनेलने पुसली. खाट हलवून कोपरे खरवडले. कुठे उंदीर मरून पडलाय का तेही पाहिलं. काही नाही.

"मुरलेला वास आहे, डॉक्टर बोललेच होते," झुबेर म्हणाला.  फहमिदाने बॅग भरायला घेतली.

निघायच्या सकाळी ती अब्बांचा निरोप घ्यायला खोलीत गेली. नवाब खाटेखालून बाहेर आला आणि तिच्या पायाशी घोटाळला. तिने मन घट्ट केलं, त्याला उचललं आणि त्याच्या पाठीच्या केसांत नाक खुपसलं. उन्हात तापलेल्या गोणपाटाचा येतो तसा किंचित वास. बस्स, तेवढाच.

तिने त्याला खाली ठेवलं. खोलीतला वास मात्र होता तिथेच होता. 

घुंगरू वाजलं. नवाब टुणकन खाटेवर चढला. अब्बा खिडकीकडे तोंड करून तसबीहची माळ ओढत बसले होते. नवाब त्यांच्या डाव्या पायाशी थांबला, हुंगला आणि मोजा दातांत धरून ओढायला लागला. जोरजोरात, पोत्याच्या फटीतून उंदीर ओढावा तसा. अब्बांच्या हातातले मणी पुढे सरकत राहिले. पायाशी काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"अब्बा!" फहमिदा पुढे झाली. तिने नवाबाला ढकललं आणि मोजा खेचून काढला.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. मोज्याला कातडी चिकटून आली होती.

तिची किंकाळी ऐकून झुबेर धावत आला आणि दारातच खिळला. अब्बांनी आपल्या पायाकडे पाहिलंच नाही. त्यांनी हात लांब करून नवाबाला जवळ ओढलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हणून म्हणत होतो," ते पुटपुटले, "राहू द्या त्याला तसाच."