खरा ठरलास तर

सिंद्रे ही तक्रार लिहिणारच नव्हता. दोनदा कागद पुढ्यात ओढला, दोनदा सरकवला. सामन माशांच्या अंगावरच्या उवा मोजायला येणारा सरकारी तपासणीस दोन दिवस आधी मत्स्यशेतीच्या मालकाला फोन करतो, तेवढ्यात औषध मारून उवा उतरवतात, आणि बदल्यात या तपासणीस साहेबाची बोट तिथल्याच धक्क्यावर फुकट दुरुस्त होते. तिथे नोकरीत असताना सिंद्रेने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे मनोरुग्णालयात सांगितलं, तर नर्सने त्याचंच डोकं तपासलं.

"उवा उवा करत होतास, काय करेल ती!" टोर्गाइर हसला. वॉर्डात शेजारच्या पलंगावर असायचा तो. अजून दर गुरुवारी वॅफल घेऊन यायचा.

सिंद्रेने तारखा लिहिल्या, सही केली. "मी खोटा ठरलो तर?"

"तर मी आहे ना, येड्या. मला धास्ती वेगळीच आहे. खरा ठरलास, की म्हणशील मी आजारी नव्हतोच, आणि गोळ्या फेकशील. मी तेच केलं होतं."

सिंद्रेने कागदाची घडी घातली. वॉर्डात असताना त्याच्याशी भिंतीही बोलायच्या. त्यांचं काही तक्रारीत लिहिलं नव्हतं.

"खरा ठरलो तरी गोळी घेईन," तो म्हणाला. "तुझी शप्पथ."