मुका पेशंट

जान्हवीने डब्यातली चिठ्ठी उचलली, वाचली आणि मुठीत दाबून धरली. चिठ्ठीत मूतखडा होता. आज तिला मूतखड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

नर्सिंगच्या वर्गात दर शनिवारी हा खेळ चाले. तो अक्षया मॅडमनी काढलेला, कारण मराठी शाळांतून आलेल्या मुलींना ती लांबलचक इंग्रजी नावं घोकता घोकता घाम फुटायचा. एकीने तोंडातून अक्षर न काढता चिठ्ठीतला आजार करून दाखवायचा, बाकीच्यांनी त्याचं वैद्यकीय नाव सांगायचं आणि बरोबर आलं की सगळ्या वर्गाने ते मोठ्याने म्हणायचं. मग मुक्या पेशंटने तोंड उघडायचं आणि नाव, गाव, झालेला उपचार मनाने जोडून सांगायचा. तेवढ्यात मुली पोटभर हसून घेत.

आज खेळाला पाहुणे होते, बंदरावरचे दत्तप्रसाद डॉक्टर. नवा मोबाईल सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवून ते खुर्चीत रेलून बसले होते. पहिला अंदाज पाहुण्यांनी करायचा, असा मान मॅडमनी त्यांना दिला होता. मान घ्यायला डॉक्टर कधी मागे नसत.

जान्हवी त्यांना ओळखत होती. ते तिला ओळखत नव्हते, आणि हेच तिच्या पोटात दोन वर्षं जळत होतं. तिची आई मथुरा मासे विकायची. एका दुपारी ती जान्हवीला सोबत घेऊन ह्या माणसाच्या दवाखान्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावाला जायच्या ऐवजी सरणावर गेली. हा डॉक्टर अडाणी की माजोरी, एवढंच जान्हवीला कळायचं राहिलं होतं. अडाणी निघाला तर चारचौघांत त्याची शोभा करायची, हे तिने तो वर्गात शिरला तेव्हाच ठरवलं.

तिने मथुरा उभी केली. डोक्यावर पाटी, आणि चुंबळ सारखी करायला वर गेलेला हात. थोडं चालून पाटी उतरवली. हात मागे नेऊन दोन खांद्यांच्या मधोमध दाबला. मग दाढ दुखावी तसा जबडा चोळला. पदराने घाम टिपला, पुन्हा टिपला, ओकारी आतल्या आत दाबली. शेवटी भिंतीला टेकून ती खाली बसली आणि डावा हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. मुलींचं हसू आपोआप उतरलं. जान्हवीने हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे तिला काही आठवावं लागलं नाही.

डॉक्टरांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"मायोकार्डियल इन्फार्क्शन. हार्ट अटॅक," ते म्हणाले. "बायकांच्या छातीत दुखेलच असं नाही. पाठ, जबडा, घाम, मळमळ. नीट बघणाऱ्याला एका नजरेत कळतं."

मुलींनी नाव मोठ्याने म्हटलं. मागच्या बाकावर टाळ्याही पडल्या. जान्हवी भिंतीशी तशीच बसून राहिली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. अडाणी असता तर कधीतरी तिने त्याला माफही केलं असतं. आता ती वाट बुजली, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. राग कुठे ठेवायचा ते एकदाचं पक्कं झालं.

गुण देण्यासाठी मॅडमनी तिच्याकडून चिठ्ठी मागून घेतली. उघडली, वाचली, जान्हवीकडे बघितलं. चिठ्ठीबाहेरचा आजार केला तर डाव रद्द, हा नियम त्यांचाच. त्यांनी चिठ्ठीची घडी करून ती पर्समध्ये टाकली.

"पेशंटचं नाव?" त्यांनी विचारलं.

"मथुरा भिकाजी कुबल." जान्हवी उठून उभी राहिली. गाव सांगितलं. मग डॉक्टरांकडे तोंड करून, धडा म्हणून दाखवावा तशा सरळ आवाजात तिने पुढचं सांगितलं. पेशंटला आत घेतलं नाही. अंगाला म्हावऱ्याचा वास मारतो म्हणून दवाखान्याच्या पायरीवर बसवलं. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. आतूनच बोलले, आणि ते बोलणं तिने जसंच्या तसं केलं, "पाटी उचलतंस मां? मगे पाठ दुखतलीच."

आवाज हुबेहूब डॉक्टरांचा होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी हसायला गेली आणि डॉक्टरांचा चेहरा बघून थांबली. डॉक्टरांनी मोबाईल उचलून कानाला लावला. तो वाजला नव्हता. मग तो खाली ठेवून, दिवसाला एवढे पेशंट येतात, कोण कुठला लक्षात राहणार, असं काहीतरी ते मॅडमकडे बघून पुटपुटले. मॅडमनी ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही. बाकांवर आचऱ्यापासून देवबागेपर्यंतच्या गावोगावच्या मुली बसल्या होत्या आणि संध्याकाळच्या एसटीने सगळ्या आपापल्या घरी जायच्या होत्या.

"उपचार काय झाला?" मॅडमनी विचारलं.

"पाठीक चोळूचा मलम." जान्हवी टेबलाजवळ गेली. "अर्धी ट्यूब अजून घरात आसा, डॉक्टर. सपवूक माझ्या आयेक येळ गावलो नाय."