अण्णांचा उजवा हात

चमचा वर आला, थरथरला आणि पेज पुन्हा जमिनीवर सांडली.

"झालं! लादीला जेवण घातलंस," दुर्गाबाई म्हणाल्या. दोन्ही हात पदराखाली घेऊन त्या खाटेला टेकून बसल्या होत्या. "इंजिनियर व्हायला निघालीय आणि चमचा धरता येत नाय."

अनुजाने फडकं घेतलं. काळाचौकीच्या त्या खोलीत मोरी आणि कपाटाच्या मधे तिने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रोबोटचा हात उभा केला होता. खांदा, कोपर, मनगट आणि टोकाला चमचा. हा हात तिच्या आजोबांना, अण्णांना भरवणार होता.

झटका आल्यापासून अण्णांची वाचा गेली होती आणि उजवी बाजूही. डावा हात चालत होता, पण दुर्गाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "माझ्या घरात डाव्या हाताने जेवायचं नाय. मी मेल्यावर काय ते करा." तेव्हापासून नवऱ्याला त्याच भरवायच्या. सून सीमा ताट ठेवायची, दुर्गाबाई कोपराने पडदा सारायच्या. घरच्या कर्त्या पुरुषाला कुणी भरवताना चार लोकांनी का बघावं? मागाहून त्याच ताटात त्या स्वतः जेवायच्या. बाईमाणसाची रीतच ती.

आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. आणखी थांबलात तर डोळा जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशननंतर विश्रांतीला दादरला, लेकीकडे. दुर्गाबाईंचं एकच उत्तर, "ह्यांना कोण भरवणार?" सीमाने एकदा भरवून बघितलं, तर अण्णांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं. नजर सारखी बायकोकडे.

म्हणून हे यंत्र.

"आजी, कळशी छातीशी धरली की हलकी वाटते ना? हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. याचंही तसंच होतंय," अनुजा म्हणाली. "हात लांब आणि मनगटातली मोटर जड."

"मला कळशी शिकवतेस? तुझा बाप पोटात असताना मी तीन माळे पाणी चढवलंय."

अनुजाने मनगटातली मोटर काढून खांद्याशी नेली आणि तिथून मनगटापर्यंत दोरी ओवली. "हा स्क्रू जरा धर ना."

"मी काय तुझी हेल्पर?"

इतक्यात शेजारची बकुळा कोथिंबीर वड्या घेऊन आली. तिने बशी पुढे केली.

"ठेव तिथे. हातात काय देतेस, भिकारीण आहे मी?"

बकुळा हसली. "यंत्र आलं की तुमची नोकरी गेली, काकी. गिरणीवाल्यांसारखी."

"गिरण्या गेल्या. मी नाय जायची."



खांद्याच्या मागच्या बाजूला वजन हवं होतं. पुढे चमचा, मागे भार, म्हणजे तागडी सारखी राहील. अनुजाने घर धुंडाळलं आणि फळीवरून पितळी बत्ता काढला.

"अगो, माझा बत्ता!"

"तू आता कुठे कुटतेस? मिक्सरच चालतो की."

दुर्गाबाईंनी हात पदराखाली आणखी आत ओढले. 

आता हात सहज वर जायला लागला. पण तोंडाशी आला की गचका खायचा आणि पेज उडायची.

"बस ब्रेक मारते तेव्हा आपण पुढे पडतो ना, तसं," अनुजा पुटपुटली. "चमचा थांबतो, पेज थांबत नाही." तिने लॅपटॉपवर आकडे बदलले. थांबण्याआधीच हात मंदावायला हवा होता.

चमचा भरला. वर आला. हळू झाला, आणखी हळू झाला आणि अनुजाच्या ओठांशी येऊन थांबला. थेंबही सांडला नाही.

सीमाने टाळ्या वाजवल्या. "आई, आता बिनघोर जा दादरला!"

"मोडेल ते," दुर्गाबाई म्हणाल्या.

"नाही मोडणार."

"लाइट जाईल."

"बॅटरी आहे, आजी."

"पडून राहिलेल्या माणसाच्या तोंडात लोखंड घालणार तुम्ही? बायको जिवंत असताना?" त्यांचा आवाज फाटला. "मला डोळे नकोत. आंधळी राहीन. पण मला इथून हलवू नका गो."

सीमाने तोंड फिरवलं. सासूला असं गयावया करताना तिने कधी बघितलं नव्हतं. "डॉक्टरांना शब्द दिलाय, आई. उद्या सकाळी निघायचं." तिने दुपारचं ताट खाटेवर ठेवलं. "आज तुम्हीच भरवा. उद्यापासून यंत्र."

दुर्गाबाई उठल्या. पडदा सरला.

अनुजा यंत्र पुसत बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. एका बाईचं उरलंसुरलं काम आपण काढून घेतोय, असं तिला वाटत होतं. मग आठवलं, उशीला टेकल्यावर अण्णांचं तोंड किती उंचीवर येतं, ते मोजायचं राहिलंय. टेप घेऊन ती खाटेपाशी गेली आणि आवाज न करता पडद्याची कड उचलली.

ताट अण्णांच्या मांडीवर होतं. दुर्गाबाईंचे हात पदराबाहेर पडलेले, बोटं आत वळून दगडासारखी मिटलेली. अण्णांनी डाव्या हाताने भात कालवला, घास केला आणि उचलला.

दुर्गाबाईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.