हजेरीतलं पहिलं नाव

"मेली ते," गावचे मालगुजार केशोराव म्हणाले. "मेलेल्या बाईले पत्रिका धाडून राहिल्या का, बाई?"

हेडबाई सुशिलाबाईंनी हजेरीपट मिटला नाही. कामठ्याच्या मुलींच्या शाळेला पंचवीस वर्षं होत होती. सन एकोणीसशे अठराच्या हजेरीत पहिलं नाव होतं फुलवंता. वय दहा. दोन वर्षं वर्गात पहिली, मग नाव कमी. कारण एकच शब्द, लग्न. उत्सवाचा दिवा तिच्याच हातून लावावा, असं त्यांच्या मनात होतं.

"कधी वारल्या?"

"कायले पाहिजे तुमाले? पोरींची गाणी बसवा. अन् आयका, उत्सवात मी जाहीर करतो. शाळा चौथीपर्यंतच. वरचे वर्ग बंद. पोरीले चिठ्ठी वाचता आली, बस झालं."

सुशिलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शाळा यांच्या वडिलांनी काढली म्हणून यांनी ती मोडावी? वरच्या वर्गांत सात मुली होत्या. सातही हुशार. त्यांना आता चुलीपुढे बसवायचं!

फुलवंताचं काय झालं, हे त्यांनी गावात विचारलं. बाई परगावच्या, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. जो तो खाली बघायचा आणि म्हणायचा, "मालगुजाराले विचारा."

शेवटी त्या मालगुजारीणबाईंकडे गेल्या. पुष्पाबाई डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून तांदूळ निवडत होत्या.

"तुम्ही तरी सांगा त्यांना. सात मुलींचा प्रश्न आहे."

"आमाले काय समजते, बाई? आमी अंगठा लावणाऱ्या." सुपातला हात थांबला. "त्या दिवशी जुनी हजेरी घेणार का? नाव वाचून?"

"घेणार. त्यांना न विचारता घेणार."

"घ्या मंग."

बस, एवढंच. सुशिलाबाई चरफडत परतल्या. बायकाच अशा मुक्या बसल्या, तर पुरुषांना दोष तरी काय द्यायचा? त्यांना पुष्पाबाईंचा नवऱ्याइतकाच राग आला.

उत्सवाला सगळं गाव लोटलं. पुरुष मांडवात, बायका कनातीमागे. शाळा बायकांची आणि बायकाच आडोशाला! केशोरावांनी ठरल्याप्रमाणे वरचे वर्ग बंद केल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत सुशिलाबाई उठल्या आणि त्यांनी हजेरीपट उघडला.

"फुलवंता."



"सांगतलं ना, मेली ते!" केशोराव ओरडले.

"हजर, बाई."

आवाज कनातीमागून आला.  सुशिलाबाई कनातीकडे वळल्या.

"इतकी वर्षं कुठं होतीस? शाळेतून तुला कोणी काढलं?"

कनातीमागे गलबला झाला. म्हातारी धुरपताबाई कळवळून ओरडली, "नोको घेऊ वो नाव, माय! नवऱ्याचं नाव घेते का कोणी?"

कनात बाजूला झाली. पुष्पाबाई उघड्या डोक्यानं मांडवात आल्या आणि मालगुजारांकडे बोट करून म्हणाल्या, "या केशोरावनं."